यंत्राची ऊब गेली कुठे?

यंत्र फिरत होतं. नुसतं फिरत होतं! सकाळपासून दुपारपर्यंत गरागरा फिरलं आणि महाराजांचा अंगरखा जसा ओला आत गेला होता तसाच ओला बाहेर आला.

जांभुळगडच्या धैर्यधर महाराजांनी कपडे वाळवायचं हे यंत्र विलायतेहून मागवलं होतं. ते आलं त्याच दिवशी हुकूम सुटला, "गावभर दोऱ्यांवर लुगडी-धोतरं लोंबतात, संस्थानाची शोभा जाते! परटांचा वाळवणाचा माळ काढून घ्या. यापुढे गावाचे कपडे यंत्रात वाळतील!"

काही दिवस वाळलेही. मग यंत्र गार पडलं आणि अख्खं संस्थान दमट कपड्यांत शिंकत फिरू लागलं. दरबारात शहाणे काय थोडे होते! राजज्योतिष्यांनी यंत्राला साडेसाती लागल्याचं सांगितलं. राजवैद्यांनी त्याला सुंठीचा लेप दिला. दिवाण त्र्यंबकपंतांनी तर "उलटं फिरवून पाहावं," अशी सूचना केली आणि त्याबद्दल शालजोडी मिळवली. तीही ओलीच!

शेवटी सारजा परटीण दरबारात उभी राहिली.

"सरकार, आमचा माळ परत द्या. कापडं वाळत न्हाईत, म्हनून लोक आमाला दाने देत न्हाईत. परटांच्या पंधरा घरांत चूल पेटंना."

"आमच्या यंत्राला नावं ठेवतेस?" महाराज कडाडले. "हा अंगरखा घेऊन जा! उद्या दरबार भरायच्या आत वाळला पाहिजे. ऊन दाखवायचं नाही, विस्तव नाही, इस्त्री नाही. यंत्राच्याच उबेवर वाळवायचा! आणि यंत्राचा एक खिळासुद्धा काढायचा नाही."

"आन् वाळला तर?"

"मागशील ते देऊ. नाही वाळला, तर सगळ्या परटांनी गाव सोडायचं!"

दिवाणजी तिला दाराशी गाठून पुटपुटले, "आणि एक लक्षात ठेव. सरकारांचं काही चुकलं, असा शब्द तोंडातून निघाला तर जीभ जागेवर राहणार नाही." ते बोलत असताना त्यांच्या पगडीतून पाणी ठिबकत होतं.

सारजा यंत्राच्या खोलीत गेली. शेजारी वीजमिस्त्री लतीफ मान खाली घालून बसला होता. तिने यंत्राची जाळी ओढून पाहिली. कपड्यांच्या लवेचा थर होता, तो काढला. यंत्र सुरू करून मागच्या नळीच्या तोंडाशी हात धरला. वारा जोरात येत होता, पण गार!

"नरडं मोकळं हाय, पोटच गार हाय," ती म्हणाली. "लतीफभाऊ, ह्ये कवापास्नं?"

"सरकारांच्या वाढदिवसापासून."

"त्या दिशी वाड्यात नवीन काय आलं?"

लतीफचा चेहरा पडला. "बाई, मला काही विचारू नकोस. मला पोरंबाळं आहेत."

पण त्याचे डोळे चोरून वर गेले, तशी सारजाही वर पाहू लागली. भिंतीतून दोन जाड तारा निघत होत्या. एक यंत्रात शिरत होती. दुसरी यंत्राजवळून वळून दारावरून बाहेर पळाली होती! सारजा मान वर करून तिच्या मागोमाग चालू लागली. तार ओसरीवरून गेली, जिना चढली आणि थेट दरबारात जाऊन थांबली. सारजाने तिथे काय आहे ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराज आले आणि जागीच थबकले. सिंहासनामागे त्यांची वाढदिवसाची भली मोठी तसबीर होती. तिच्याभोवती दोनशे दिवे रात्रंदिवस जळायचे. आणि त्या तसबिरीवर, दोन्ही बाह्या पसरून, अंगरखा लटकत होता!

"सारजे! आमच्या तोंडावर ओलं धुणं?"

"वलं कुटं हाय, सरकार? हात लावून बगा की!"

महाराजांनी हात लावला. अंगरखा कोरडा ठणठणीत होता, वर चांगला गरमही!

"पण आम्ही यंत्राच्याच उबेवर म्हटलं होतं!"

"यंत्राचीच हाय. त्येला दोन तारा व्हत्या, एक फिरायला, एक तापायला. तापायची तार हितं आलीया. म्या ऊब हुडकत आले, तर ती सरकारांच्या तसबिरीपाशी घावली!"

महाराजांनी दरबारावर नजर फिरवली. सगळे शहाणे एकदम छताकडे पाहू लागले. लतीफ खांबाआड सरकला.

"कुणाच्या हुकमाने आली ही तार इथे?" महाराज गरजले. मग त्यांना स्वतःलाच काहीतरी आठवलं आणि आवाज उतरला. "सांग, कुणाच्या?"

दिवाणजींनी डोळे वटारले. सारजाने हात जोडले.

"सरकार, आमी परीट. डाग कुनाचा ह्ये आमी इचारत न्हाई. नुस्ता काडतो!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग ते असे हसले, की दिवाणजींनाही घाईघाईने हसावं लागलं.

"लतीफ, तार परत यंत्राला जोड! आणि सारजे, तू माग काय हवं ते."

"आमचा माळ."

"अगं वेडे, यंत्र आता तापणार. मग माळ कशाला हवा?"

"सरकारांचा वाढदिवस दर साली येतो, म्हनून!"

महाराज सिंहासनावर बसून पोट धरून हसले. त्याच संध्याकाळी माळावर पुन्हा दोऱ्या बांधल्या गेल्या आणि सगळ्यात पुढच्या दोरीवर दिवाणजींची पगडी वाळत पडली.