धुरपा गढीवर निघाली

धुरपाचं कुणी खरं मानलं नाही. डोळ्यांनी बघितलेलं सांगत होती, तरी नाही. बाईने सांगितलेलं लोक लवकर मानतात का कधी? बरं, पाय पांघरुणात घ्या, चिमटे काढणं बंद करा, आणि ऐका.

एक होती गढी. उंच टेकडीवर, चार बुरुजांची. राजाची नव्हे बरं का, एकाच घराण्याची. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे अशी चालत आलेली. आता तिथे रावसाहेब राहायचे. त्यांचं नाव तोंडाने घ्यायची गावात कुणाची छाती नव्हती. नुसतं 'रावसाहेब' म्हणायचं आणि मान खाली घालायची.

वर्षातून एकदा, चैत्रात, गढीचा दरवाजा गावासाठी उघडायचा. रावसाहेबांची बायको चंद्रसेनाबाई हळदीकुंकू करायची. गावच्या सवाष्णी नटूनथटून वर जायच्या. आंब्याची डाळ खायच्या, पन्हं प्यायच्या, ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन खाली यायच्या. पण दर वर्षी एक बाई कमी यायची. रावसाहेब म्हणायचे, "ती केव्हाच निघून गेली." मग गाव म्हणायचं, पळाली. झालं. बाई दिसेनाशी झाली की ती पळालीच. लोकांना दुसरं काही सुचतच नाही.

एका चैत्रात धुरपाची धाकटी बहीण आली नाही. येसू तिचं नाव. आई गेल्यावर धुरपानेच तिला भरवून, न्हाऊ घालून मोठी केलेली. जगात धुरपाला तेवढंच एक माणूस. नवरा कधीच वारला होता.

मग एकदा काय झालं, धुरपा टेकडीखाली लाकडं वेचत होती. सहज वर बघितलं, तर बुरुजावर येसू! येसूने हाक मारली नाही. नुसतं कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं. पुन्हा टेकवलं. आणखी एकदा टेकवलं. तेवढ्यात कुणीतरी तिला आत ओढलं.

धुरपा धावत पाटलाकडे गेली. पाटील म्हणाला, "ऊन लागलंय तुला. कांदा हुंग."

मग ती गुरवाकडे गेली. गुरव म्हणाला, "मेली असेल ती. भूत दिसलं तुला. नारळ आण, उतरवून टाकतो."

मग ती येसूच्या नवऱ्याकडे गेली. रंगोबा त्याचं नाव. तो म्हणाला, "कपाळाला हात लावला ना? म्हणजे पळून पस्तावली. मी दुसरी बघतोय, आक्का. तुम्ही मोडता घालू नका."

"बघा की खुशाल," धुरपा म्हणाली. "पण तुमच्या डोक्याला मुंडावळ्या लागायच्या आत ती गावात असेल. मी जाते गढीवर."

"तुम्ही? तुम्हाला कोण बोलावतंय हळदीकुंकवाला?"

खरं होतं ते. त्या काळी नवरा गेलेल्या बाईला कुणी बोलवायचं नाही. असली कसली रीत, मी विचारते! पण होती.

धुरपा घरी येऊन चुलीपुढे बसली. येसूने कपाळ का दाखवलं? विचार करता करता तिला जुनी गोष्ट आठवली. गढी बांधणारा पहिला पुरुष फार अब्रूदार होता. त्याने उंबरठ्याला सांगून ठेवलं होतं, "निघणाऱ्या सवाष्णीला दुसऱ्या बाईने कुंकू लावलं तरच तिला जाऊ दे. बिनकुंकवाची पाठवली तर वाट अडव." आता तो उंबरठा जिवंत होता बरं का. त्याने ऐकलं. लोक विसरून गेले, तो विसरला नाही.

धुरपा ताडकन उठली. "म्हणजे येसूला कुणी कुंकूच लावलं नाही! मुद्दाम नाही लावलं! फुकट राबायला बाई पाहिजे ना!" मग ती हसलीसुद्धा. "मी तर सवाष्ण नाही. मला उंबरठा कशाला अडवेल? ज्यामुळे मला बोलवत नाहीत, त्यामुळेच मी आत जाईन आणि बाहेर येईन."

मग तिने बेत आखला. आधी पाहिजे कुंकू. दुकानदार म्हणाला, "तुला कुंकू? लाज आहे का?"

"लाज घरी ठेवून आले. देतोस का नाही?"

नाही दिलं मेल्याने. मग तिने घरीच केलं. हळद दळली, लिंबू पिळलं, सवागी म्हणजे टाकणखार घातला, खलत बसली. पिवळ्याचं लालभडक झालं. ते फडक्यात बांधून कमरेला खोचलं. मग ठरवलं, जायचं कसं? सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन. मोळीवाल्या बाईचं तोंड कुणी बघत नाही. आणि जायचं कधी? हळदीकुंकवाच्या दिवशी, भर दुपारी. पुरणपोळी खाऊन पुरुषमाणसं घोरत पडतात तेव्हा.

चैत्र आला. धुरपाने मोळी उचलली आणि चढली टेकडी. पहारेकऱ्याने जांभई दिली. उंबरठ्याने तिला हुंगलं आणि गप पडून राहिला. ती सरळ मागच्या सोप्यात गेली.

तिथे जात्यांवर बायकाच बायका! सगळ्या हरवलेल्या. येसूने मान वर केली. "आक्का! किती उशीर केलास गं!"

"तुझ्या कपाळाचा अर्थ लावायला वेळ लागला. पुढे ये."

धुरपाने फडकं सोडलं. तशा बाकीच्या बायका मागे सरल्या. एक म्हणाली, "अगं बाई! हिच्या हातचं कुंकू? आपल्या नवऱ्यांचं काही वाईट झालं म्हणजे?"

येसू म्हणाली, "तुमचे नवरे आले का सोडवायला? मग बसा दळत. मी निघाले." आणि तिने कपाळ पुढे केलं.

दोघी दारात आल्या. येसूने पाऊल उचललं. उंबरठा चढायला लागला. घोट्याएवढा झाला. गुडघ्याएवढा झाला. कमरेएवढा झाला. पण धुरपाची जीभ काही गप बसेना. "बघ नीट तिच्या कपाळाकडे! बाईने लावायचं म्हणून सांगितलं होतं ना तुला? मी बाई नाही तर कोण आहे? घोडा आहे?"

उंबरठा थांबला. त्याने नीट बघितलं. मग असा खाली बसला, असा खाली बसला, की जमिनीत दिसेनासा झाला. येसू बाहेर!

मग काय विचारता. सगळ्या बायका जाती टाकून धावल्या. "मला लाव गं!" "आधी मला!" ज्या बाईने नाक मुरडलं होतं तीच सर्वांत पुढे.

शेवटी एक बाई राहिली. भरजरी शालू नेसलेली, हातात रिकामा करंडा. चंद्रसेनाबाई. ती म्हणाली, "मलाही लाव."

"तुम्हाला? मालकीणबाई, तुम्हीच तर यांना कोंडलंत!"

"करंडा माझ्या हातात, कुंकू कुणा दुसऱ्याच्या कुलपात. मला काढून देतात ते दर वर्षी एकीपुरतं कमी. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही माहेर बघितलं नाही."

धुरपाने फडकं पुन्हा सोडलं. मग चिमूट भरून तिच्याही कपाळाला लावली.

झालं. बायका आपापल्या घरी गेल्या. रंगोबा येसूला न्यायला आला. येसू म्हणाली, "दुसरी मिळाली नाही वाटतं?" आणि दार लावून घेतलं. ती आक्काकडेच राहिली. दोघी कुंकू करून विकू लागल्या, आणि तो दुकानदार त्यांच्याच दारात माल घ्यायला यायचा. चंद्रसेनाबाई माहेरी गेली, तिथे आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर झोपली. तुम्हीही झोपा आता.

काय? दोष कुणाचा ते राहिलं? बरं, तेवढं ऐका आणि डोळे मिटा. बायका सुटल्या त्या दिवशी अख्खं गाव गढीखाली जमलं होतं. पाटील म्हणाला, "दोष उंबरठ्याचा, खणून काढा आणि फोडा त्याला." गुरव म्हणाला, "दोष मालकिणीचा." रावसाहेबांचं नाव मात्र कुणी घेईना. सगळ्यांच्या माना खाली. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, जीव गेला तरी नाही. चंद्रसेनाबाई दारात उभी राहिली, पदर खोचला, आणि खालच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुलूप माझ्या नवऱ्याचं. त्याचं नाव जयसिंगराव."