ताटातला वाटेकरी

त्रेतायुग उतरणीला लागले होते, धर्म तीन पायांवर लंगडत का होईना चालत होता, आणि विंध्याच्या दक्षिण उतारावर, जिथे सागाच्या दाट वनातून क्षीरा नावाची नदी खळाळत खाली येते, त्या करंगक देशी रुक्मकेतू नावाचा सामंत राज्य करीत होता. रूप मदनाचे, खांदे वृषभाचे, कंठात टपोऱ्या मोत्यांची माळ आणि मुखात अष्टौप्रहर आपलीच कीर्ती. भाटांनी त्याला ‘रिपुकुलदावानल’ अशी पदवी दिली होती. आता या दावानलाची कथा सांगायची तर ती मेलेल्या हत्तीच्या पोटातून सुरू करावी लागते. त्याला कुणाचाच इलाज नाही.

शेजारच्या अनघवर्म्याशी युद्ध जुंपले. शंख फुंकले गेले, रथचक्रांच्या घरघराटाने दिशा बधिर झाल्या, बाणांच्या जाळ्याने सूर्य झाकला. इकडे योद्धे पडत होते आणि तिकडे हा पराक्रमी पुरुष, सैन्य सोडून, फाटल्या पोटाच्या एका हत्तीत शिरून बसला होता. आतड्यांत गुडघे दुमडून, नाकावर उत्तरीय धरून. मोत्यांची माळ तेवढी वर उचलून धरली होती, भिजू नये म्हणून.

दिवस कलला, सेना पांगल्या, तेव्हा लेलिहान नावाचा असुर रणभूमीवर आला. कोळशासारखा काळा, पोट खपाटीला गेलेले, आणि ओठाबाहेर हातभर लोंबणारी ओली जीभ. प्रेतामागून प्रेत चाटत तो त्या हत्तीपाशी येऊन थबकला.

“कोण रे आत? वास मेल्याचा येतो, पण दात वाजताहेत.”

“मी रिपुकुलदावानल रुक्मकेतू.”

“असं होय. मग पोटात शिरून कुणाला जाळतोयस?”

लेलिहान खदखदून हसला आणि खाली बसला. “भिऊ नकोस. मी तुला अजिंक्य करीन. कोणत्याही रणात तुझ्या अंगाला शस्त्र लागणार नाही. मला हवं ते थोडकंच आहे. देवाला नैवेद्य मिळतो, पितरांना पिंड, गाईला गोग्रास, कावळ्याला घास. सगळ्यांचा वाटा या जगात ठरलेला आहे, माझाच नाही. मी प्रेतं चाटत हिंडतो. मला तुझ्या घरात बसून, तुझ्या ताटात तू मागे ठेवशील ते खाऊ दे.”

“उष्टंच ना?” रुक्मकेतू म्हणाला. “घे की.”

“वहिनींना विचारून सांगतोस?”

“ताट माझं, उष्टं माझं. तिला काय विचारायचं त्यात?”

करंगक देशाची रीत अशी होती की घरधनी जेवून उठला की त्याच ताटात, त्याने मागे ठेवलेले अन्न घरधनीण जेवत असे. तिच्यापुरते वेगळे ताट कधी मांडत नसत. मांडले तर तिला घराबाहेर काढली, असा त्याचा अर्थ. ही रीत लेलिहानाला ठाऊक होती. रुक्मकेतूच्या ध्यानात नव्हती. ज्या ताटात आपली बायको जेवते ते विसरायला माणूस मूर्खच असावा लागतो असे नाही. उठल्यावर त्या ताटाकडे कधी वळून पाहिलेले नसले की पुरे. त्याने जवळच्या डबक्यातले रक्ताचे पाणी ओंजळीत घेतले आणि संकल्प सोडला.

दुसऱ्या दिवशी तो रणात उभा राहिला आणि बाण त्याच्या अंगावरून पावसाचे पाणी कमळाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळले. अनघवर्मा पळाला. नगरीत तोरणे लागली, सुवासिनींनी निरांजनांनी ओवाळले, आणि विजयी सामंत मुगाची खिचडी, ताकाची कढी आणि साखरभातावर ताव मारून तृप्त होऊन उठला.

त्याची भार्या कुमुद्वती, शीलाने निर्मळ आणि बोलायला सरळ, सकाळपासून चुलीपुढे होती. पदराने घाम टिपून ती ताटाशी बसणार, तोच लेलिहान आत आला आणि मांडी घालून तिच्या पाटावर बसला. ताटात जीभ टाकली. भात, कढी, लोणच्याची फोड, मिठाचा खडा, सगळे एकाच लाळेत कालवले गेले. मग त्याने ताटाची कड चाटली, ताटाखालची रांगोळी चाटली, आणि ढेकर दिला. त्या ढेकराला हत्तीच्या पोटाचा वास होता.

“वहिनी, कढीत हिंग कमी पडला,” तो म्हणाला.

कुमुद्वती पतीकडे वळली. “आर्यपुत्र, हे कोण? आणि मी कुठे जेवू?”

“देवी, राज्यासाठी चार दिवस सोस,” विडा चघळत रुक्मकेतू म्हणाला.

त्या चार दिवसांचे वर्ष झाले. वेगळे ताट घेतले तर घर सुटते, पतीच्या ताटात लाळ आणि भुकेला असुर. कुमुद्वती जेवायची कशी? ती गोठ्यात जाई. गाईसाठी काढलेल्या ग्रासातली मूठभर भाकरी ती गाईपुढून उचलून घेई, आणि ती मुकी गाय तोंड बाजूला वळवून उभी राही. गाईला कळले ते त्या वृषभस्कंधाला कळले नाही. उलट असुर प्रसन्न राहावा म्हणून तो ताटात जास्तच टाकू लागला. लेलिहानाच्या अंगावर तुकतुकी चढली, आणि कुमुद्वतीच्या मनगटातली सोन्याची कांकणे कोपरापर्यंत वर सरकू लागली.

रुक्मकेतूला मग सार्वभौम होण्याची हाव सुटली. क्षीरेच्या तीरावर यज्ञमंडप उभा राहिला. आम्रपल्लवांची तोरणे, दर्भांचे आच्छादन, वेदघोषाने निनादणारे वन, आणि पौरोहित्याला तपोनिधी उपलाश मुनी. यजमानाशेजारी पत्नीचे आसन मांडलेले होते. कुमुद्वती त्यावर बसायला आली तर तिथे लेलिहान, खांद्यावर शेला घेऊन, ऐसपैस बसलेला.

“वर्षभर याच्या ताटात मी जेवलो,” तो म्हणाला. “या देशात ताटात जेवते ती अर्धांगी. ऊठ म्हणायचं कुणी मला?”

उपलाशांनी रुक्मकेतूकडे पाहिले. “राजा, अग्नीसमोर सांग. तुझी सहधर्मिणी कोण?”

त्याने कुमुद्वतीकडे पाहिले. तिच्या हातांकडे, वर सरकलेल्या कांकणांकडेही पाहिले. मग त्याला सार्वभौमाचे छत्र आठवले. “मुनिवर,” तो खाकरून म्हणाला, “ताटात हाच जेवतो.”

कुमुद्वती हसली, आणि कोपऱ्यातले केळीचे पान उचलून तिने कुंडासमोर अंथरले. यज्ञासाठी रांधलेला भात त्यावर वाढून घेतला, वर तूप घेतले, आणि यजमानाच्या आधी, ऋषींच्या आधी, सगळ्यांदेखत जेवू लागली.

“बाई, हे काय?” एक ऋत्विज ओरडला. “अजून घरधनी जेवला नाही.”

“तो माझा घरधनी नाही, आत्ताच त्याने सांगितलं,” घास गिळून ती म्हणाली. “सवतीबाई, तुम्ही ऐका. पाट मिळाला, आता पाटामागचंही घ्या. कोंबड्याआधी उठायचं. सडा, शेण, दळण. क्षीरेवरून पाणी. तो घोरेल तेव्हा पाय चेपायचे, त्याची शौर्यकथा रोज नव्याने ऐकायची, आणि तो पानात काही ठेवणार नाही त्या दिवशी पाणी पिऊन निजायचं.”

लेलिहानाची जीभ आत गेली. “मी फक्त उष्टं मागितलं होतं,” तो पुटपुटला. “मुनी, मला सोडवा. मी आपला प्रेतंच चाटीन.”

“अग्नीसमोर झालं ते मोडत नाही,” उपलाश म्हणाले.

रुक्मकेतूने घाईने आहुती टाकली. तोच कुंडातून भगवान हव्यवाहन सात जिभांनी उसळले आणि आहुती बाहेर फेकून बोलले, “या हाताला लाळ लागली आहे. मी घेणार नाही.”

तेव्हा उपलाश कुमुद्वतीला म्हणाले, “मुली, आम्ही इच्छेने उपाशी राहतो आणि त्याला तप म्हणतो. तुझं तप आमच्याहून जड आहे. शापाचा अधिकार तुझा.”

कुमुद्वतीने पानावरचा शेवटचा घास संपवला, क्षीरेचे पाणी ओंजळीत घेतले आणि म्हणाली, “रुक्मकेतू, तुला अंगाला काही लागू नये असं वाटत होतं. तसंच होईल, मारायला उचललेल्या हातातून तू निसटशील. साऱ्या जगाची ताटं तुझी, पण त्यातलं एकही तुझ्यासाठी वाढलेलं नसेल. घाणीवरून उठून अन्नावर बसशील, अन्नावरून घाणीवर, आणि बसशील तिथे हात चोळत राहशील. आणि हा तुझा अर्धांग तुझ्या तोंडात जीभ होऊन लोंबेल.”

पाणी भुईवर पडले. दोन आसने रिकामी झाली, आणि मोत्यांच्या माळेवर एक हिरवी-काळी माशी बसून पुढचे पाय एकमेकांवर चोळू लागली.

कुमुद्वतीने ते राज्य पुढे पुष्कळ वर्षे सांभाळले. तिच्या चुलीवर रांधणारी बाई आधी जेवत असे. माशी मात्र गेली नाही. कुठल्याही घरी ती सगळ्यात आधी त्याच ताटावर येऊन बसते, जे घरच्या बाईने स्वतःसाठी वाढून झाकून ठेवलेले असते, सगळ्यांचे होऊ दे म्हणून.