न नांगरलेलं रान

माणदेशातल्या एका कोरडवाहू गावात केरबा नावाचा शेतकरी राहत होता. पाऊस तिथे जेमतेम पडे. पण केरबाचा आपल्या रानावर फार जीव. ज्वारी कापून झाली की तो जमिनीत उरलेली ताटांची बुडखं, धसकटं, वेचून काढी आणि उन्हाळाभर रान उभं-आडवं खोल नांगरी. ढेकळं फुटून माती मऊ झाली की त्याला समाधान वाटे. "नांगरट करावी तर केरबानं," असं गाव म्हणे. ते ऐकून त्याची मान ताठ होई.

त्याच्याकडे दोन बैल होते. त्यांतल्या थोरल्याचं नाव चिमण्या. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हा केरबाच्या बायकोनं, भामानं, त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं.

एका उन्हाळ्यात नांगरट सुरू व्हायच्या आधीच चिमण्याचा पाय ओढ्यातल्या दगडांत अडकला आणि मुरगळला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. पण पावसाळा सरेपर्यंत याच्या मानेवर जू ठेवू नका. ठेवलंत तर हा पुन्हा उभा राहायचा नाही."

शेजारचा मल्लिनाथ म्हणाला, "केरबा, बाजार दाखव त्याला. त्या पैशात ट्रॅक्टर लाव आणि रान उलथून घे. तुझं रान बिननांगरलेलं दिसलं तर लोक हसतील."

केरबा गोठ्यात जाऊन बसला. चिमण्यानं त्याच्या खांद्यावर नाक घासलं. भामा दाराशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"रडतीस कशाला?" केरबा म्हणाला. "ह्याला विकून पिकवलेली भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही. रान राहू दे तसंच. पिकेल ते खाऊ."

रान तसंच राहिलं. धसकटं जागच्या जागी उभी राहिली. पावसाळ्यात तण उगवलं, ते नवरा-बायकोनं विळ्यानं कापलं आणि तिथंच पसरून टाकलं. मल्लिनाथ आणि येणारे-जाणारे बांधावर थांबून हसत, म्हणत, "केरबा थकला वाटतं!" केरबा मान खाली घालून काम करत राही. पीक हातचं गेलं तर वर्ष कसं काढायचं, ही काळजी त्याला खात होतीच.

त्याच सुमारास शर्वरी नावाची कृषी महाविद्यालयातली एक तरुण संशोधक गावात आली. मातीतून किती कर्बवायू बाहेर पडतो, ते ती मोजत असे. ट्रॅक्टरनं नांगरलेल्या मल्लिनाथच्या रानात तिनं एक डबा जमिनीवर पालथा बसवला, तसाच एक केरबाच्या रानात. काही आठवडे ती येत राहिली. मग एकदा ती केरबाला म्हणाली, "काका, तुमच्या रानातून वायू पुष्कळ कमी सुटतोय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं. माती जिवंत असते, ती श्वास सोडणारच. पण खोल नांगरलं की आतल्या मुळ्यांना, काडीकचऱ्याला एकदम हवा लागते. ते भराभर कुजतं आणि मातीचं सत्त्व वायू होऊन उडून जातं. नांगरलेल्या मातीला धाप लागते म्हणा ना."

केरबाचा चेहरा उतरला. "मग इतकी वर्षं मी तिला धापाच टाकायला लावल्या?"

"मायेनंच केलंत ना, काका," शर्वरी हळूच म्हणाली. "मातीला ते ठाऊक असेल."

केरबानं वाकून एक धसकट हलवून पाहिलं. त्याच्या बुडाशी माती ओली होती, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं.

पाऊस सरता सरता चिमण्याचा पाय बरा झाला. पेरणीची हलकी पाभर त्यानं सहज ओढली. धसकटांच्या ओळींमधूनच ज्वारी पेरली गेली. त्यानंतर मात्र आभाळानं पाठ फिरवली. एक थेंब पडला नाही. मल्लिनाथच्या रानाला भेगा पडल्या आणि त्याची ज्वारी कंबरेएवढी होऊन करपली. केरबाच्या रानात पालापाचोळ्याखाली ओल टिकून होती. त्याची कणसं भरली. फार नाहीत, पण भरली.

सुगीनंतर मल्लिनाथ खाली मान घालून केरबाच्या अंगणात आला. "माझ्या गुरांना वैरण नाही," एवढंच तो म्हणाला. हसणाऱ्यांत तो सर्वांच्या पुढे होता. भामानं नवऱ्याकडे पाहिलं.

केरबा उठला. त्यानं कडब्याच्या पेंढ्या मल्लिनाथच्या गाडीत स्वतःच्या हातानं भरल्या. गाडी निघताना तो म्हणाला, "मल्लिनाथा, यंदा तुझ्याही रानाला निजू दे. मी माझ्या रानाची झोप कधी पुरी होऊच दिली नव्हती. बैल लंगडा झाला म्हणून मला कळलं."

मल्लिनाथनं डोळे पुसले आणि बैल हाकले. त्या उन्हाळ्यात दोघांचीही रानं शांत पडून होती.

तात्पर्य: माया म्हणजे नुसतं राबणं नव्हे, विसावा देणंही माया आहे. जी माती आपण कमी उकरतो, ती आपलं सत्त्व पोटात जपते आणि अडीअडचणीला आपल्याला देते.