बघून येणारी येसू

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या पणजोबांनी ती त्यांच्या पणजोबांकडून ऐकली होती, तेव्हा किती जुनी ते तुम्हीच ठरवा. पाणखोल गावात येसू नावाची सुईण राहत होती. असं म्हणतात, की तिने पोटावर तेलाचा हात ठेवला की आतलं बाळ ओळखीचं माणूस आल्यासारखं तिच्याकडे वळे.

अशा बाईबद्दल गावाची एकच तक्रार होती. देव आहे का, असं विचारलं की ती म्हणे, "माका ठाऊक नाय." भुतं आहेत का विचारलं तरी तेच. गावात लुमाजी गुरव होता, देवीचा पुजारी. त्याचा सगळ्यावर विश्वास. आणि खाडीवर होडी चालवणारा बुधाजी तारी होता. त्याचा कशावरच नाही. त्याच्या बायकोच्या दुखण्यात देवीने 'बरी होईल' असा कौल दिला होता, आणि ती गेली. तेव्हापासून देव नाहीच, असं तो छातीठोकपणे सांगे. त्याला कुणी नावं ठेवू नयेत, त्याचं दुःख खरं होतं. तो येसूला म्हणे, तू आमच्यातलीच. येसू म्हणे, "नाय रे बाबा. तुका नाय म्हणान तरी ठाऊक आसा. माका तेवडापण ठाऊक नाय." गाव हसे. ही बाई धड देवळातली नाही आणि धड खाडीवरची नाही, म्हणे.

पण तिचं एक होतं. दुसऱ्याने सांगितलं म्हणून ती काही मानत नसे आणि काही टाकतही नसे. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं तर पोराचा कान कापलेला निघतो, असं सासूने सांगितलं, तेव्हा स्वतः पोटुशी असलेली येसू ग्रहण लागल्याबरोबर विळीवर बसली आणि टोपलीभर पडवळ चिरून उठली. पोरगा धडधाकट जन्मला. बायका विचारायला आल्या तेव्हा ती म्हणाली, ह्याचे कान बघून जा. इतरांच्या पोरांचं मला ठाऊक नाही.

आता पाणखोलची एक रीत ऐका. काही वर्षांनी एकदा तिथे देवीला कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हो आलं की गावपळण. चुली विझवून, दारं ओढून, गुरंढोरं, कोंबड्या आणि तान्ही मुलं घेऊन सगळा गाव वहाळाचं पाणी ओलांडून पलीकडच्या रानात जातो आणि तीन दिवस झोपड्या घालून राहतो. त्या दिवसांत गाव मेलेल्या माणसांचा असतो, असं म्हणतात. मागे कुणी राहायचं नाही आणि दिवा लावायचा नाही.

त्या वर्षी कौल उजवा पडला. गाव निघाला, आणि नेमक्या त्याच दिवशी गुरवाची लेक सुभी, बाळंतपणाला माहेरी आलेली, कळा देऊ लागली. येसूने हात लावून पाहिलं तर मूल आडवं. ती गुरवाला म्हणाली, हिला उचलून न्याल तर दोन्ही जीव जातील. सुभी आईविना वाढलेली पोर, गुरवाला दुसरं कोणी नव्हतं. तो तसाच शेजारच्या देवळात धावला आणि लेकीला मागे ठेवू का, असा पुन्हा कौल लावायला त्याने पाकळ्या हातात घेतल्या. पण हात पाषाणाकडे जाईना. डावी पडली तर लेकीला उचलावंच लागणार होतं. मागोमाग आलेल्या येसूने त्याचं मनगट धरलं.

"लावू नको," ती म्हणाली. "इचारलंस तर ऐकूचा लागात."

गुरवाने पाकळ्या मुठीत मिटल्या. देवीचं निशाण गावापुढे त्यालाच न्यायचं होतं, ते घेऊन तो रडत निघाला. वहाळ ओलांडल्यावर मात्र काठावरच बसून राहिला, पुढे त्याच्याने जाववेना. इकडे पाणी आणि लाकडं आणायला बुधाजी येसूसोबत मागे राहिला.

तिन्हीसांज झाली. ओसाड गावात पान पडलं तरी ऐकू येत होतं. प्रत्येक आवाजाला सुभी अंग आकसून घेई, पोट दगडासारखं होई, आणि येसूच्या हाताखाली वळू लागलेलं मूल पुन्हा आडवं होई. बाहेर पडवीतून बुधाजी म्हणाला, काही नाही गो, भुतंबितं काही नसतात.

सुभी रडत म्हणाली, "बापूस बसल्या जाग्यार आसत म्हणता, तू बसल्या जाग्यार नाय म्हणतंस. बघूक कोण जाता?"

"मी जातंय," येसू म्हणाली.

तिने दिवा लावला आणि बाहेर पडली. परत येऊन म्हणाली, परबांच्या गोठ्याची कडी घालायची राहिली आहे, ते दार आपटत होतं. पुन्हा आवाज झाला, पुन्हा ती गेली. ह्या वेळी एक कोंबडी मागे राहिलेली निघाली, पेंढ्याच्या ढिगावर बसून गावाच्या नावाने ओरडत होती. जे दिसलं ते येसू सांगे, त्याच्या वर एक शब्द नाही. पलीकडच्या काठावरून लोकांना एक दिवा दारोदार फिरताना दिसला. कुणी म्हणालं गावाची राखण करणारा देवचार, कुणी म्हणालं देवीच. असं म्हणतात, की त्या भणाण वाऱ्यात ज्योत हललीसुद्धा नाही. येसूला विचारलं तर ती म्हणे, दोनदा विझली होती.

मग एक आवाज आला, तो दाराचा नव्हता आणि पाखराचाही नव्हता. देवळामागून कुणीतरी हळूच हाक मारावी तसा. बुधाजी उठून आतल्या बाजूला सरकून बसला. येसू गेली, आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा उंबऱ्यावर थांबली. बुधाजी मनातल्या मनात म्हणत होता, मांजर म्हण गे बाई, मांजर म्हण.

"सुभे, सगळीकडे बघलंय," येसू म्हणाली. "आवाज होतो. कसलो तो माका कळूक नाय."

बुधाजीने कपाळावर हात मारला. सुभीने मात्र विचारलं,

"म्हणजे ती कोंबडी खरीच होती गो?"

"खरीच."

आणि त्या कळांतही सुभीला हसू आलं. तिचं अंग सैल झालं. असं म्हणतात, की त्या हसण्यानेच मूल वळलं.

बाळाचं रडणं वहाळापलीकडे ऐकू गेलं. गुरव तसाच कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि त्याने मूठ उघडली. पाकळ्या वाहून गेल्या. उजवीकडे गेल्या की डावीकडे, ते त्याने पाहिलं नाही. तो सरळ घराकडे, लेकीकडे चालू लागला.

येसू पुढे खूप म्हातारी होऊन गेली. तो आवाज कसला होता, ते शेवटपर्यंत तिला कळलं नाही, आणि तिने तसंच सांगितलं.

पाणखोलात आजही गावपळणीचा कौल लावण्याआधी गुरव विचारतो, कुणाच्या घरी न हलवता येण्यासारखं माणूस आहे का. असेल तर त्या घरापुरता कौल लावत नाहीत. त्या माणसाच्या सोबतीला दोघं मागे राहतात, आणि ती दोघं देव मानतात की नाही, हे कुणी विचारत नाही.

आणखीही एक आहे. तिथे एखादं पोर घाबरून उठलं आणि कसला आवाज म्हणून विचारू लागलं, तर बसल्या जागी कुणी उत्तर देत नाही. येसूचं नाव घेऊन, गुडघे धरून, कुरकुरत का होईना, घरातलं मोठं माणूस उठतं आणि बघून येतं. काही सापडलं तर ते सांगतं. नाही सापडलं तर, कळलं नाही रे बाळा, एवढंच म्हणतं आणि त्याच्या अंगावर हात टाकून शेजारी आडवं होतं.