पतंगाचं मंगळसूत्र

"आता सांग आई, यातला माझा कोणता?"

संक्रांतीची सकाळ होती. येवल्यात घरोघरच्या गच्च्यांवर हलकडी वाद्यं कडाडत होती, आभाळात पेच लागले होते. मथुराबाईंच्या गच्चीवर कठड्याला टेकून निळ्या पतंगांची रांग उभी होती, आणि वैजूने तिच्यात आपला एक पतंग गुपचूप घुसवून दिला होता. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

मथुराबाई गावातल्या नावाजलेल्या पतंगवाल्या. लेकीच्या तोंडी धड बोल फुटायच्या आधी तिच्या बोटांना खळ लागली. आईच्या शेजारी बसून ती कागद कापायला शिकली, बांबूची कमान तासायला शिकली आणि त्यातच मोठी झाली.

एक काम तेवढं आई कुणाला करू देत नसे. पतंगाला मंगळसूत्र बांधायचं, म्हणजे ज्याला मांजा जोडतात तो दोरा. तो जरा इकडचा तिकडे झाला की पतंग गिरक्या घेत खाली येतो. वैजूने फारच भुणभुण लावली, तेव्हा आई म्हणाली होती, "तुझा पतंग होईल, तेव्हा बांध."

वैजूने त्याचा सोयीचा अर्थ लावला, हुबेहूब आईसारखा जमला की झालं. वर्षभर ती आईच्या हातांवर डोळे लावून होती. तीच घडी, तोच बाक, तशीच खळीची बारीक रेघ. आज आईला ओळखता येणार नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

मथुराबाई आसारीवर मांजा गुंडाळत होत्या. त्या जागच्या उठल्यासुद्धा नाहीत. हनुवटीनेच दाखवलं.

"तो. मधला."

वैजूचं तोंड एवढंसं झालं.

"कशावरून?"

"तोच एक अगदी माझ्यासारखा झालाय."

"मग बाकीचे...?"

आसारी फिरत राहिली...

वैजू रांगेपाशी वाकली. एकाचे खांदे रुंद होते, दुसऱ्याची कमान सैल होती, तिसऱ्याची शेपटी आखूड. एकाचा मेळ दुसऱ्याशी नव्हता. जन्म या पतंगांत गेला आणि हे आपल्याला दिसलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. मग त्या रागातच हात शिवशिवायला लागले.

तिने सामानाची टोपली उपडी केली. जांभळा कागद घेतला, त्याला पिवळा जोडला. मापाची काडी हाताशी होती, पण तिकडे बघितलंही नाही. कात्री चालली ती चाललीच. पलीकडच्या गच्चीवरचा तिचा चुलतभाऊ ओरडून विचारत होता, पतंग करतेस की झबलं शिवतेस. तिला उत्तर द्यायला सवड नव्हती. कमान जास्तच वाकली, मग दुसरी बाजू तिच्या जोडीला ओढून घ्यावी लागली. असं करून बघू, तसं करून बघू, असं करता करता ती एकटीच हसत होती. लहानपणानंतर इतकी मजा तिला कधी आली नव्हती.

उन्हात खळ वाळली. पतंग तयार झाला. एक खांदा वर, एक खाली, आणि तरी देखणा.

धापा टाकत तिने तो आईपुढे धरला.

"हा वेगळाच झालाय. उडेल का, माहीत नाही. मंगळसूत्र तूच बांध."

मथुराबाईंनी आसारी खाली ठेवली. पतंग हातात घेतला, बोटावर तोलला. तो डावीकडे कलला. बोट सरकवलं. तो उजवीकडे कलला...

पुन्हा एकदा पाहिलं. मग दोऱ्याची गुंडी उचलून त्यांनी पतंगासकट लेकीच्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या हसत होत्या.

"मला नाही येत हा बांधायला."