हसऱ्या फोटोखालचं नाव

आवळेगडच्या ज्ञानकोशात चार हजार फोटो होते आणि चारही हजार फोटोंखाली एकच नाव होतं. छायाचित्र – श्रीमंत प्रतापभानू महाराज!

ऑनलाइन कोश होता तो. आवळेगडातलं शेंबडं पोरसुद्धा मोबाईलवर उघडून बघत असे. विहिरीच्या तळाचा फोटो महाराजांचा. गांधीलमाशीच्या पोळ्याचा, अगदी वीतभर अंतरावरून काढलेला, तोही महाराजांचा. पालीचा फोटो महाराजांचाच, आणि महाराज तर पाल दिसली की सिंहासनावर पाय वर घेऊन बसत! पण बोलायचं कुणी?

बोलली मैना कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी आणि गळ्यात कॅमेरा अशी ती गावोगाव हिंडायची आणि दिसेल त्याचे फोटो काढून कोशाला पाठवायची. तिने काढलेला खंड्या पक्ष्याचा फोटो महाराजांनी लाटला, ती गप्प राहिली. तिची ओढ्यावरची खेकडीण लाटली, तरी गप्प राहिली. पण 'महाराज' याच लेखाच्या माथ्यावर जो फोटो झळकला, तो पाहून तिचं डोकं सणकलं. महाराज त्यात दाढा दिसेपर्यंत हसत होते! सगळं राज्य त्या फोटोवर खूश होतं. मैना तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, ह्यो फोटो म्या काढलाय. खाली माझं नाव पाहिजे!"

"तो आम्हीच काढला," महाराज मिशीला पीळ देत म्हणाले.

"सोताचा फोटो, सोता? तेबी इतक्या लांबनं?"

"राजाचे हात फार लांब असतात, बाई!"

दरबार खो खो हसला. कोशपंडित त्र्यंबकाचार्य तर उपरणं सावरत पुढेच आले. "बाई, या फोटोत तुझं आहे तरी काय? चेहरा महाराजांचा, मिशी महाराजांची, बाग महाराजांची. तू नुसतं बटण दाबलंस!"

महाराजांना हा मुद्दा भलताच आवडला. ते सिंहासनावर सरसावून बसले.

"ठरलं तर! या फोटोत आमची नाही अशी एक, फक्त एक गोष्ट दाखव. दाखवलीस तर कोशातल्या प्रत्येक फोटोखाली ज्याचं त्याचं नाव लागेल. नाही दाखवलीस तर तुझा कॅमेरा आमच्या जामदारखान्यात!"

"कबूल!" मैना बोलून गेली आणि लगेच तिने गळ्यातला कॅमेरा घट्ट धरला. त्या कॅमेऱ्यावर तिचा जीव होता. पावसात ती स्वतः भिजायची, पण कॅमेऱ्याला पदराखाली घ्यायची.

फोटो दरबारातल्या मोठ्या पडद्यावर लावला गेला.

"ही सावली?" मैनाने विचारलं.

"आमच्या झाडाची!"

"पागोट्याचा शेमला उडवतोय त्यो वारा?"

"आमच्या हद्दीत शिरला की वाराही आमचा!"

"आन् पागोट्यावर चढलेला मुंगळा?"

"कुठे?" महाराजांचा हात झटकन डोक्यावर गेला. तिथे काही नव्हतं, तेव्हा ते खाकरले. "हां, फोटोतला होय! तोही आमचाच. मुंगळ्यासकट सगळं आमचं!"

कोशपंडितांनी कॅमेऱ्याचा पट्टा धरायला हात पुढे केला. मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. खरंच का या एवढ्या फोटोत आपलं काहीच नाही?

मग तिने बाग बघायचं सोडलं, पागोटं बघायचं सोडलं, आणि धंद्यावर बसल्यावर करते तेच केलं. बांगडी चढवताना हात दुखला, तर ते आधी समोरचीच्या डोळ्यात दिसतं. म्हणून कासारणीची नजर मनगटावर कमी आणि डोळ्यावर जास्त. गुडघ्याला गुडघा लावून बसलं, की त्या डोळ्यात आपणसुद्धा दिसतो, एवढेसे!

"थांबा पंडितजी!" मैना ओरडली. "महाराजांचा उजवा डोळा मोठा करा! आनखी! आनखी!"

डोळा पाटीएवढा झाला, मग पडद्याएवढा झाला. त्या काळ्याभोर बुबुळात फणसाचं झाड होतं. झाडाला एक बाई वटवाघळासारखी उलटी लटकलेली होती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि तोंडासमोर कॅमेरा!

दरबारात एकच गलका उडाला. मैना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही म्या! गेल्या चैतात कोशासाठी फणसाचा फोटो काढाया तुमच्या बागेत चढले, पाय निसटला आन् कासोटा खुंटाला अडकला. तुमी खालनं चालला व्हता. वर बघितलंसा आन् हे असं हसलासा! हसू तुमचं, महाराज, पर ते आलं माझ्यामुळं!"

महाराजांना सगळं लख्ख आठवलं. ओठ थरथरू लागले, पण हट्ट सुटेना. त्यांनी गाल आत ओढून हसू दाबलं.

"डोळ्यात तू आहेस, मान्य. पण तू कोण? आमचीच प्रजा! म्हणजे तूही आमचीच!"

"वा वा!" कोशपंडितांनी टाळी वाजवली.

मैनाने खाली वाकून मुजरा केला. "खरं हाय, महाराज. प्रजा तुमचीच. पर लाखभर प्रजेतली उलटी लटकलेली कंची, हे लोकांस्नी कळाया नाव नको व्हय?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की पागोटं घरंगळत कोशपंडितांच्या पायाशी गेलं!

"हरलो, मैनाबाई! आचार्य, आठ दिवसांत चार हजार नावं शोधून काढा! पालीवालाही शोधा! आणि या बाईंना आमच्या बागेतलं कुठलंही झाड चढायची कायमची परवानगी द्या!"

त्याच दिवशी हसऱ्या महाराजांच्या खालची ओळ बदलली. छायाचित्र – मैना कासारीण, फणसावरून.