आईचा दगडी गुलाब

सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी माळावर, अजून गाडीरस्ता चढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या लाल चिऱ्यांच्या खाणीशेजारी एका झोपडीत सोनकी नावाची छोटी मुलगी बाबांबरोबर राहायची. बाबा दिवसभर चिरे काढायचे. सोनकीची आई आदल्या वर्षी तापाने गेली होती. मागे राहिला होता फक्त तिने लावलेला दगडी गुलाब.

तो खरा गुलाब नव्हताच मुळी. गुबगुबीत पानं एकात एक गोल रचलेली, फिकट हिरवी, कडेला गुलाबी, आणि अंगावर कुणी पावडर लावल्यासारखी पांढरी झाक. सोनकीचा त्याच्यावर भारी जीव. आई रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालायची, ते तिने पाहिलं होतं. म्हणून तीही न चुकता दगडी गुलाबाला तांब्याभर पाणी घालायची. जास्त पाण्याने हे झाड कुजतं, हे त्या बिचारीला सांगणार कोण?

एका सकाळी हात लावताच पानं मऊ पडून गळाली. देठ काळाठिक्कर. धड असं एकच पान उरलं होतं. ते मुठीत घेऊन सोनकी रानात पळाली आणि करवंदीच्या जाळीपाशी बसून ओक्साबोक्शी रडू लागली.

"अगं, मूठ जरा सैल कर. गुदमरले मी."

सोनकीने मूठ उघडली. पानावर एक इवलीशी परी उभी होती. तिचा घेरदार झगा पानापानांचा होता, त्याला गुलाबी कडा होती, आणि चिमुकले पंख लुकलुक चमकत होते.

"का रडतेस, सोनुले?"

"मला आईने लावलेलं झाड परत हवंय."

"मिळेल. पण माझ्या दोन अटी आहेत. हे पान सावलीत नुसतं मातीवर ठेवायचं. पुरायचं नाही, आणि मुळं दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घालायचा नाही. दुसरी अट, त्यातून येणारं पहिलं रोप कुणी मागितलं, तर हसतमुखाने द्यायचं."

एवढं बोलून परी दिसेनाशी झाली.

बाबांनी फुटक्या परातीत खाणीतला लाल चुरा आणि थोडी वाळू भरून दिली. सोनकीने त्यावर पान ठेवलं आणि वाट पाहत बसली. पान सुकू लागलं, सुरकुतलं. तिचा जीव नुसता वरखाली होई. कितीदा तिने तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग एकदा पानाच्या टोकाला नाजूक गुलाबी मुळं फुटली. तिने चार थेंब शिंपडले. मुळांशेजारी गुंडीएवढं, पिटुकलं पानांचं फूल उमललं. ते वाढत गेलं आणि जुनं पान आटत गेलं. त्याच्यातलं सगळं पाणी त्या बाळरोपाने पिऊन टाकलं होतं. ते पाहून सोनकीला आई आठवली. तापातही ती आपल्या वाटीतली पेज सोनकीच्या वाटीत ओतायची. सोनकीला त्या दिवशी आईची फार फार आठवण आली.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी शेजारच्या काशीकाकू दारात आल्या. त्यांची लेक रखमा पाय मोडून खाटेवर पडली होती.

"सोनके, रखमा जेवत नाय गो. खिडकीतून सारखी तुझ्या त्या फुलाकडं बघते. देशील काय तिला?"

सोनकीने परातीकडे पाहिलं. हे दिलं, तर आईचं काहीच उरणार नव्हतं. तिने खाटेवरची एकटी रखमा डोळ्यांपुढे आणली. मग रोप हलकेच उचललं, काशीकाकूंच्या ओंजळीत ठेवलं आणि डोळे पुसून हसली.

"माती पार सुकल्याशिवाय पाणी घालू नका हां, काकू."

काकू गेल्या. सोनकी परातीपाशी बसली. तिच्यात आता फक्त सुकलेलं जुनं पान होतं. इतक्यात परातीत सोनेरी उजेड पसरला आणि परी पुन्हा आली. तिने त्या पानावर बोट फिरवलं तशी लाल चुऱ्यातून एकामागून एक फुलं वर आली. फिकट हिरवी, कडेला गुलाबी, अंगावर तीच पांढरी झाक. परात काठोकाठ भरली.

पण सोनकीचा चेहरा उतरलेलाच. "ही छान आहेत. पण आईचं झाड तर मी देऊन टाकलं. ही नवी आहेत."

"नाही गं, वेडाबाई," परी म्हणाली. "पानापासून येतं ते वेगळं झाड नसतं. तेच झाड पुढे वाढत असतं. रखमाकडचंही तुझ्या आईनेच लावलेलं आहे, आणि ही सगळीसुद्धा."

सोनकीने मान वर केली, तोवर परीचा उजेड झाला होता आणि तो उजेड संध्याकाळच्या उन्हात मिसळून गेला.

सोनकीने वाडीत प्रत्येक घरी एकेक फूल दिलं. सोनकीच्या आईचं नाव द्वारका. बायका त्या फुलाला 'द्वारकेचा गुलाब' म्हणू लागल्या. खाणीवरून परतताना बाबांना दारादारांतून ते नाव ऐकू यायचं, आणि ते मुद्दाम सावकाश चालायचे. सोनकीला तिची आई जशी घरोघरी भेटली, तशी आपली हरवलेली माणसं आपल्यालाही भेटोत.